लागणारी माणसे : एक

सोमवार, ३ फेब्रुवारी

कॉलेजची प्रॅक्टिकलची जुनी वही सापडली. एक पान रेघांचं, एक कोरं. मागच्या बाजूने लिहायला सुरुवात करते आहे. कोरी पानं आकृत्यांना लागतील.

बाबांना आज डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उजवा हात वर करायला सांगितला. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. बाबा त्याच्याकडे असे बघत होते, जसा काही तो दुसऱ्याचाच होता. डॉक्टर म्हणाले, "खांद्यावर ओझं आजपासून बंद. नाहीतर वर्षभरात शर्टाचं बटणही लावता येणार नाही."

बाबांनी विचारलं, "डाव्या खांद्यावर चालेल?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हीच समजवा."

समजावणार काय? तलावावर भाड्याने द्यायच्या बावीस लहान होड्या आहेत. रोज एखादी गळतेच. बाबा आणि काका ती पालथी करून डोक्यावर घेतात, आतल्या फळ्या खांद्यांवर टेकवतात, आणि आमच्या शेडपर्यंत आणतात. दुरुस्त झालेली तशीच परत नेतात. लांबून होडीला चार पाय फुटल्यासारखे दिसतात. बोटघराच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं आहे की पाण्याजवळ दुरुस्तीला जागा नाही. नेणं-आणणं जमणार नसेल तर ते दुसरा मिस्त्री बघतील. म्हणजे खांदा गेला तर काम गेलं, आणि काम केलं तर खांदा गेला.

रात्री जेवताना मी म्हटलं, सायकलच्या मागे गाडा जोडून होडी नेता येईल. दोन चाकं, लोखंडी चौकट. मी करते.

आई म्हणाली, "होडीला चाकं लाव, मग सायकलला वल्ही लाव, आणि उरलंसुरलं मला लाव."

बाबा हसले मात्र.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मापं घेण्यासाठी आज होडीच्या मागे मागे चालले.

काकांबद्दल लिहायला हवं. ते बाबांचे धाकटे भाऊ. घर एकच आहे, मधे भिंत आहे. काकांच्या बाजूला ते एकटेच. सहा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कारण मी आहे. दोघांनी मिळून, तीन वर्षं लावून, स्वतःसाठी एक होडी बांधली होती. बाबांनी ती काकांना न विचारता विकली आणि माझी वसतिगृहाची सोय केली. काका तेव्हा एवढंच म्हणाले होते, "निम्मी माझी होती." त्यानंतर काही नाही. माझ्याशी मात्र बोलतात. मला 'मास्तरीण' म्हणतात, मी कुणाची मास्तरीण नसताना.

बोलत नाहीत म्हणजे होडीखाली सोडून. होडीखाली बाबा पुढे असतात, काका मागे. मागच्याला पुढच्याच्या टाचांशिवाय काही दिसत नाही, म्हणून पुढच्याला सांगावं लागतं. बाबा सांगतात, "पायरी." काका म्हणतात, "हं."

"खड्डा."

"हं."

"डावीकडे."

"हं."

"टेक."

टेक म्हणजे थांबून खांदा बदलायचा. तलावाकडे उतरणाऱ्या सदतीस पायऱ्या आहेत. बाबांनी सदतीस वेळा "पायरी" म्हटलं. मला ऐकताना कंटाळा आला, काकांना येत नसेल का? तीस वर्षं तोच रस्ता आहे. बाबांना माणसावर हुकूम गाजवायची सवय आहे असं वाटून थोडा रागही आला.

बाबा चपलांच्या टाचा पांढऱ्या रंगवतात, होडीच्या उरलेल्या रंगाने. आई म्हणते, "म्हातारपणी नटायची हौस, तीही मागून."

रविवार, ९ फेब्रुवारी

वेल्डरकडे गेले. भंगारातून लहान मुलांच्या सायकलींची दोन चाकं मिळाली. एकात चार स्पोक नव्हते, दुसऱ्याचे छर्रे गंजलेले होते. मी चौकटीची आकृती पुढे केली. त्याने ती उलटी धरली, सुलटी धरली, आणि म्हणाला, "ताई, हे विमान आहे की पलंग?"

"गाडा आहे. होडी न्यायला."

"मग होडी काढायची की वर. मला काय कळणार?"

त्याचं बरोबर होतं. मी तिथेच होडी काढून दिली. त्याने अर्धा तास घेऊन माझ्या दोन चुका दाखवल्या. एक कोपरा इतका तिरका होता की तिथे त्याचा वेल्डिंगचा हात जाणारच नव्हता. मला लाज वाटली. मार्क मिळवताना कुठलाही कोपरा मी हाताने जोडला नव्हता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

होडीचा तोल काढला. जमिनीवर एक पाईप ठेवून त्यावर पालथी होडी पुढे-मागे सरकवत गेले. जिथे दोन्ही टोकं उचलली गेली तिथे खडूने खूण केली. चाकांचा आस बरोबर त्या खुणेखाली. तीन वेळा मोजलं. रात्री उठून पुन्हा मोजावंसं वाटलं, पण आईने कडी काढू दिली नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पहिली चाचणी फसली. सपाटीवर गाडा छान आला. चढावर होडीचं मागचं टोक खाली गेलं, जोडदांडी वर गेली आणि बाबांच्या सायकलचं मागचं चाक हवेत. बाबा हवेतच पॅडल मारत राहिले. पोरं जमली. मी वही घेऊन तिथे उभी होते आणि वही कुठे लपवू ते कळत नव्हतं.

शेडच्या दारात बसलेले काका म्हणाले, "मास्तरीण, होडी एक वीत पुढे सरकव. तोल जिथे आहे तिथे आस नको. थोडं ओझं सायकलवर राहू दे."

"तुम्हाला एवढ्या लांबून कसं कळलं?"

"आवाजावरून. चाक हवेत गेलं की साखळीचा आवाज पातळ होतो."

एक वीत पुढे सरकवली. जमलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काका दोन दिवस गाड्यावर काम करत आहेत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. होडीतली भेग ते डोळे मिटून बोटांनी शोधतात, तसंच सगळ्या चौकटीवरून बोटं फिरवली आणि वेल्डिंगचे टोकदार तुकडे शोधून काढले. "इथे घासेल. इथेही." मग कानस घेऊन बसले. मी जुन्या टायरचे पट्टे कापून त्यांना देत होते. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला तर तो तसाच राहिला. मी "काका, चहा" म्हटल्यावर हात जमिनीवरून सरकवत कपापर्यंत आणला. कामात इतके गुंग होते.

मधेच त्यांनी विचारलं, "हा मागून ढकलायला एक माणूस लागेलच ना?"

मी खरं ते सांगितलं. "नाही काका. उतारासाठी ब्रेकही बसवते आहे. नीट जमला तर एकटे बाबा पुरे."

"वा," काका म्हणाले. आणि कानस चालवत राहिले. जिथे आता टोक उरलं नव्हतं तिथेही चालवत राहिले.

मला वाटलं, ते खूश झाले. सहा वर्षं ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या पाठीमागून रोज चालायचं, त्यातून सुटका. त्यांनाही मोकळीक हवी असणारच.

सोमवार, २४ फेब्रुवारी

गाडा पुरा झाला. पायऱ्या टाळून बाजूच्या मोठ्या रस्त्याने, वळसा घेऊन, बाबांनी एकट्याने होडी बोटघरापर्यंत नेली. हात हँडलवर, खांद्यावर काही नाही. परत आल्यावर बाबा चाकांजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ एकेक स्पोक वाजवत राहिले. म्हणाले, "पोरी, हे तुझ्या डोक्यातून निघालं?" मी मान हलवली. शाळेत बक्षिसं मिळाली तेव्हाही मला असं वाटलं नव्हतं.

आई म्हणाली, "आता डिग्री भिंतीवरून काढून गाड्यावर लाव. निदान फिरेल तरी."

बुधवार, २६ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहायचं आहे, कारण मन स्थिर नाही.

गाडा बोटघराच्या फाटकातून आत न्यायला परवानगी हवी. साहेबांनी छापील अर्ज दिला. मी संध्याकाळी तो भरायला बसले. बाबा समोर. रकाने सोपे होते. वाहनाचा प्रकार, लांबी, रुंदी, वेळ. मग एक रकाना होता: 'कामासाठी लागणारी माणसे'.

बाबा म्हणाले, "दोन लिही."

"पण एकच लागतो."

"दोन लिही. हजेरीत दोन नावं आहेत."

"बाबा, खाली लिहिलंय, वरील माहिती खरी आहे. त्याखाली तुमची सही आहे. त्यांनी उद्या बघितलं तर? तुम्ही एकटेच येताना दिसाल."

"दिसू दे."

"खोटं कसं लिहू?"

बाबांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे काका होते, भांड्याचा आवाज येत होता. मग बाबा हळू म्हणाले, "सगळंच काय मोजून लिहायचं असतं?"

"अर्जात तेच लिहायचं असतं."

 मला वाटलं, आणखी काहीतरी सांगतील. तोंड उघडलंही होतं. मग म्हणाले, "लिही. शिकलेली तू आहेस." आणि सही केली. शाळेत न जाता लिहायला शिकले ते एवढंच, नावाची तीन अक्षरं, ती ते नेहमी फार सावकाश काढतात. आज भराभर काढली.

मी 'एक' लिहिलं आहे. आकड्यात आणि अक्षरी. खरं तेच लिहिलं आहे.

मग झोप का येत नाही? मला एवढंच तपासायचं आहे: खरं होतं म्हणून लिहिलं, की माझा गाडा एका माणसाने ओढता येतो हे कुणीतरी वाचावं म्हणून? दोन्ही असेल तर कुठलं किती?

शनिवार, १ मार्च

परवानगी आली. त्याच पाकिटात दुसरा कागद होता. 'कामाची पद्धत बदलल्यामुळे' हजेरीतलं एक नाव या महिन्यापासून कमी. काकांचं.

मी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. जसा काही दुसऱ्या वाचनात मजकूर बदलणार होता.

मी म्हटलं, "पण काकांना शेडमधलं काम आहेच की. बोटांनी भेगा शोधतात, ते काम तर..."

"शेडमधलं काम माझ्या नावावर आहे," बाबा म्हणाले. "त्याचं नाव फक्त उचलायला होतं."

"मग त्यांनी दुसरीकडे बघावं. मी त्यांना अर्ज लिहून देते. ते काही म्हातारे नाहीत."

आई ताट वाढत होती. ती थांबली. बाबांकडे बघितलं. बाबांनी नुसती मान हलवली आणि आई पुन्हा वाढायला लागली. दोघांमधे काहीतरी होतं, मला कुणी सांगितलं नाही. आईने काकांचं ताट खिडकीतून पलीकडे दिलं तेव्हा रोजच्यासारखी थट्टा केली नाही.

गुरुवार, ६ मार्च

काका रोज त्याच वेळी निघतात. केस विंचरून, बटणं लावून. पायऱ्यांवरून तलावाकडे जातात आणि बोटघराच्या भिंतीला टेकून बसतात. बाबा गाडा घेऊन लांबच्या रस्त्याने येतात. काकांसमोरून जातात, दोघं बोलत नाहीत. कारण होडी डोक्यावर नाही.

मी काकांना विचारलं, "उगाच कशाला जाता?"

"पायांना सवय आहे, मास्तरीण. त्यांना कुठे कळवलंय कुणी?"

काकांना वेळ घालवायला काहीतरी हवं म्हणून मी त्यांच्यासमोर वर्तमानपत्र ठेवलं. त्यांना वाचता येतं, अडखळत का होईना. त्यांनी ते गुडघ्यावर ठेवलं, हात फिरवला आणि म्हणाले, "कागद चांगला आहे."

मंगळवार, ११ मार्च

काका पायऱ्यांवरून पडले. सकाळी नळाचं काम करणाऱ्यांनी मधल्या तीन फरशा काढून बाजूला लावल्या होत्या. रोज जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांना ते दिसत होतं. उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे. उद्या शस्त्रक्रिया.

बुधवार, १२ मार्च

जसं झालं तसंच लिहिते.

डॉक्टरांनी काकांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. मग डोळ्यांसमोर हात हलवला. मग बाहेर येऊन विचारलं, "यांना कधीपासून दिसत नाही?"

मी म्हटलं, "दिसतं त्यांना. ते काम करतात."

"एका डोळ्याने काही नाही. दुसऱ्याने उजेड आणि अंधार, फार तर एखादी पांढरी वस्तू, तीही जवळची. हे चार-पाच वर्षांचं दुखणं आहे. कसलं काम करतात?"

"होड्या उचलतात."

डॉक्टर माझ्यावर चिडले. "आंधळ्या माणसाला पायऱ्यांवरून होडी घेऊन चालवत होतं कोण?"

बाकावरून बाबा म्हणाले, "मी."

त्यानंतर डॉक्टर जे काही बोलले ते बाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.  मी त्यांच्या पायांकडे बघत होते. चपलांच्या टाचांवरचा पांढरा रंग निघत आला होता. गाडा आल्यापासून त्यावर पुन्हा रंगाचा हात फिरवायची गरज पडली नव्हती.

आईला जिन्यात गाठलं. "तुला माहीत होतं?"

"घरात दोघांना माहीत होतं. काकांनी सांगितलं नाही कधी, यांनी विचारलं नाही कधी. एकदा ते पडताना यांच्या लक्षात आलं, तेव्हापासून पुढे हे, मागे ते."

"मला का नाही सांगितलं?"

आई म्हणाली, "तू खोटं बोलत नाहीस ना. साहेबांनी विचारलं असतं तर सांगून मोकळी झाली असतीस."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण मी सांगितलं असतं. तेच खरं आहे.

शुक्रवार, १४ मार्च

बोटघरात गेले. साहेबांना म्हटलं, अर्जात चूक झाली आहे, दोन माणसं लागतात.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी फाईल काढली, चष्मा लावला. "हे अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"छान अक्षर आहे. रोज फाटकावर तुमचे वडील एकटेच येताना दिसतात. मग दुसरा माणूस काय करतो?"

उत्तर माझ्याकडे होतं. तो मागून चालतो आणि "हं" म्हणतो. एवढंच. कुठल्या रकान्यात लिहायचं ते?

मी म्हटलं, "काही नाही."

साहेबांनी फाईल बंद केली. "गाडा मात्र झकास केलात. दुसऱ्या बोटघरासाठीही एक कराल का? तिकडेही चौघं जण उगाच उचलत बसतात."

मी नाही म्हटलं नाही. बघते म्हटलं. निघताना पाणी पाजलं त्यांनी.

शनिवार, २२ मार्च

काकांना घरी आणलं.

गाडीवाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं, आत गाडी वळत नाही. पायाला कमरेपर्यंत आधार बांधलेला, उचलायचं कसं? मदतीला आलेला वेल्डर म्हणाला, चार माणसं बोलावतो. बाबा घरी गेले आणि सायकल आणि गाडा घेऊन आले. टायरच्या पट्ट्यांवर गादी टाकली होती. काकांना त्यावर आडवं केलं, होडी बांधायच्या पट्ट्यांनीच बांधलं. मी सवयीने ओझं बघितलं आणि त्यांना एक वीत पुढे सरकवायला सांगितलं.

काकांचा हात चौकटीवर गेला. स्वतः कानस मारलेली जागा त्यांना सापडली. तिथेच तो राहिला.

बाबा सायकलवर बसले नाहीत. हँडल धरून चालत निघाले. चपलांच्या टाचा नव्याने रंगवलेल्या होत्या, ओला रंग पायालाही लागला होता. काका उताणे होते, डोकं सायकलकडे, पाय मागे. त्यांना टाचा दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि चालायचंही नव्हतं. तरी बाबांनी पहिल्या खड्ड्याशी सांगितलं, "खड्डा."

काका काही म्हणाले नाहीत.

"दगड."

काही नाही.

"उजवीकडे."

सगळी गल्ली बाबा सांगत राहिले. गटाराचं झाकण. कुत्रं. उंचवटा. प्रत्येक शब्दानंतर जरा थांबत होते, तेवढंच, जेवढा एका "हं"ला वेळ लागतो. दारापाशी म्हणाले, "पायरी." मग खूप वेळ थांबले. आई दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला.

काका आकाशाकडे तोंड करून पडून होते. जागे होते.

गाडा कुठेही डगमगला नाही. चढावर सायकलचं चाक उचललं नाही. ओढायला एकच माणूस लागला. मी मागून चालत होते, माझ्या हातांना काही काम नव्हतं.